पंचवीस छिद्रं

पेलोतासची जुलैतली थंडी भिंतींतून पाझरते.
तुझ्या गॅरेजात तर ती भाडेकरूच होती, अद्रोआल्दो,
भाडं न देणारी.

तरी आम्ही यायचो दर शनिवारी:
मी, वाल्देसिर,
आणि टायरच्या दुकानातली ती अबोल जांदिरा,
खिशात एकेक फ्लॉपी, अंगाच्या उबेला धरलेली,
कारण आमच्या ओळखीत पॅरलल पोर्ट आता तुझ्याकडेच उरला होता.
तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या दातांच्या रंगाचा तो कॉम्प्युटर,
पाठीवर पंचवीस छिद्रं, दोन ओळींत,
तेरा वर, बारा खाली.
कुणीतरी यायचं राहिलंय
म्हणून जागा धरून ठेवल्यासारखी.

तू केबल खोचायचास, स्क्रू नखानं पिळायचास,
एंटर दाबून म्हणायचास, "आता शिमाराँव."

गेम मेगा ड्राइव्हवर चढेपर्यंत
भोपळा चौघांत फिरून यायचा.
कडू हिरवं गरम पाणी, एकच नळी,
पडद्यावर टक्के.
सतरा. अठरा.
एकोणचाळीसला दरवेळी अडायचं,
आणि तूही बोलता बोलता तिथेच अडायचास:
पीच डबाबंद करायचा कारखाना,
ज्या वर्षी तो बंद पडला ते वर्ष,
पोर्तो अलेग्रीच्या बसमध्ये चढलेली लुर्देस…
"असो."
आणि बेचाळीस टक्के.

मग टीव्ही उजळायचा, आमचा बगळा उडायचा
आणि पहिल्याच विजेच्या तारेवर आपटायचा,
कुठल्यातरी चुकलेल्या वजाबाकीपायी.
पुन्हा कोड, पुन्हा फ्लॉपी, पुन्हा भोपळा.
एका संध्याकाळी फार तर सहा चुका निस्तरायच्या.

मे महिन्यात त्याचा पॉवर सप्लाय गेला.
तू कुठल्याशा फोटोकॉपी मशीनचा काढून बसवलास,
चालू झाला, पण खोकत.
तेव्हाच मी ठरवलं.

पहिला बोर्ड जाळला मी.
घाईत जुन्याला नव्याशी सरळ जोडलं:
मेगा ड्राइव्ह पाच व्होल्टांत बोलणारा,
माझी चिप साडेतीनाच्या पुढे जीव सोडणारी.
सोडलाच तिनं. केस भाजल्याचा वास आला.
दुसऱ्या वेळी मध्ये आणखी एक चिप घातली,
दोन घरांतल्या समजूतदार मावशीसारखी,
इकडचं ओरडणं ऐकून घ्यायचं,
तिकडे हळू सांगायचं.
काडेपेटीएवढा बोर्ड. एका टोकाला यूएसबी.
तू भिंग लावून पाहिलंस,
"सातव्या पायाचं सोल्डर कच्चं आहे," म्हणालास,
आणि खरंच होतं.

तीन सेकंद.
किटलीतलं पाणी अजून गारच होतं.

त्या दिवशी जांदिरानं एकतीस चुका मारल्या.
बगळ्यानं तार चुकवली, दुसरी चुकवली,
सरोवर ओलांडलं.
पुढे आम्ही काही काढलंच नव्हतं,
तर तो काळ्यात उडत राहिला,
पंख हलवत, कुठेही न जाता.
आम्ही ओरडलो. तूही.
मग भोपळा भरून तू सुरुवात केलीस,
"ज्या वर्षी तो कारखाना…"
आणि गेम सुरू झाला.

आता माझ्या टेबलावरच सगळं होतं.
वाल्देसिर रात्री दोनला नवा कोड पाठवतो,
दोन वाजून एक मिनिटाला मी सांगते, चालला.
चांगलं आहे. खोटं कशाला बोलू,
फार चांगलं आहे.

ऑगस्टात एका शनिवारी आले.
कॉम्प्युटरवर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ,
केबल गुंडाळून खिळ्याला.
"काय आणलंस?"
"काही नाही."
तू माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलंस,
फ्लॉपी विसरले असेन तसं.

"एकोणचाळीसच्या पुढचं सांग," म्हटलं मी.

तू किटली ठेवलीस.
भोपळा भरलास, आणि पहिला घोट, रीतीप्रमाणे,
स्वतः घेतलास.
सगळ्यांत कडू तोच असतो.